फिरतीवरची दानित्सा

दानित्सा मारुशिचला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. शाळेत बाकाखाली तिचे पाय हलत, रविवारी चर्चमध्ये ती प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उगाच मागेपुढे करी, आणि जेवताना घास तोंडात असतानाच उठून, बंदरात कोण शिरलं ते खिडकीतून बघून येई. "हिला खुर्चीला बांधून वाढायला हवं," असं तिची आई यास्ना पाहुण्यांसमोर म्हणायची. अशा मुलीनं पेशा घेतला तो दिवसभर अंधाऱ्या खोलीत चाकाच्या स्टुलावर बसून लोकांना "हे जास्त स्पष्ट, की हे?" असं विचारण्याचा.

घेतला म्हणण्यापेक्षा तो तिच्या गळ्यात पडला. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकन या बंदरगावच्या शाळेतल्या सल्लागार बाईंनी तिचे मार्क बघून ओठांचा चंबू केला आणि म्हणाल्या, "डॉक्टरकीला थोडे कमी पडतील. ऑप्टोमेट्री कर. डोळे तपासायचे, चष्मे द्यायचे. भौतिकशास्त्र चांगलं आहे तुझं, आणि या कामात माणसं सहसा दगावत नाहीत." दानित्साला नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. घरी मात्र तिच्या बापाला, अंतेला, आभाळ ठेंगणं झालं. मूळचा क्रोएशियन अंते ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर तांडेल होता. पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी त्याला इतरांच्या दुर्बिणीच्या आधी दिसत आणि त्यांच्याखाली मासळीचा घोळका आहे की नुसतंच पाणी, तेही कळे, अशी धक्क्यावर त्याची ख्याती होती.

"माझे डोळे पोरीत उतरलेत," तो ज्याला त्याला सांगत सुटला. "डोळ्यांची डॉक्टर होणार."

"डॉक्टर नाही हो बाबा, ऑप्टोमेट्रिस्ट."

"तेच ते. पांढरा कोट तर घालशील ना?"

"हल्ली नाही घालत कोणी."

"मग पाच वर्षं शिकवतात तरी काय तुम्हाला?"

ॲडलेडला गेल्यावर दानित्साच्या लक्षात आलं, की आपल्याला हे काम येतं. खरी पंचाईत तीच होती. येत नसतं तर सोडून देता आलं असतं. हात स्थिर, नजर बारीक, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करण्याची हातोटी. प्राध्यापक खूश असत. पण विद्यापीठाच्या दवाखान्यात दुपार कलली, की त्या बिनखिडकीच्या खोलीच्या भिंती जवळ सरकू लागत. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ती जिना उतरून रस्त्यावर जाई, कोपऱ्यापर्यंत चालून परत येई. तिसऱ्या वर्षी तिनं रुग्णवाहिकेवरच्या नोकरीची चौकशी केली. चौथ्या वर्षी विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत एक दिवस बसून आली. यातलं घरी काही सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त थुईला. थुई तिची वर्गमैत्रीण, एकाच घरात राहणारी. थुईचे आईवडील व्हिएतनामहून येऊन भाजीच्या मळ्यात राबलेले, आणि थुईचं पुढच्या सगळ्या आयुष्याचं आखून झालेलं.

"तू म्हणजे अशी आहेस ना," थुई म्हणाली, "की बस मिळाली तरी पुढची बस कुठली, तेच बघत बसणार."

शेवटच्या वर्षी विद्यापीठात करिअर मार्गदर्शनाची संध्याकाळ भरली. मोठ्या सभागृहात ओळीनं टेबलं मांडलेली. चष्म्यांच्या साखळी दुकानांची माणसं काच पुसायची फडकी आणि चॉकलेटं वाटत होती, इस्पितळांची माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी होती, आणि गावोगावच्या लहान दवाखान्यांची टेबलं मागच्या भिंतीशी, जिथं कोणी फिरकत नव्हतं. एका कोपऱ्यात हेमिश नावाचे करिअर सल्लागार मुलाखतीची तालीम घेत होते. दानित्साची पाळी आली.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघतेस?" त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला.

"दाराबाहेर," ती बोलून गेली.

हेमिश हसले. मग त्यांनी टेबलाखाली हलणारा तिचा गुडघा बघितला आणि ते हसायचे थांबले. "खऱ्या मुलाखतीत हे नको बोलूस," ते हळूच म्हणाले. "पण विचार कर यावर."

तिनं विचार केला नाही. विचार करायला बसावं लागतं. त्याऐवजी थुईबरोबर तिनंही मेलबर्नच्या एका साखळी दुकानाला अर्ज केला, दोघींनाही बोलावणं आलं, आणि दोघींनी मिळून घर घ्यायचं ठरलं. थुईनं तिथली कुठली ट्राम कुठं जाते तेही पाठ केलं. फक्त एक मुलाखत उरली होती, तीही नावापुरती. आणि दानित्साची झोप उडाली. रोज सकाळी ती त्या दुकानाला फोन करून नाही म्हणायचं ठरवी आणि दुपारपर्यंत हो म्हणायचं.

त्याच सुमारास शेवटच्या सत्रातली प्रत्यक्ष कामाची नेमणूक आली. पोर्ट लिंकन सोडून कुठंही पाठवा, असं तिनं लिहून दिलं होतं. राहायला घर आहे म्हणून तिला पोर्ट लिंकनच दिलं.

तिथं समुद्रासमोरच्या रस्त्यावर ग्वेंडा ट्रेझाइझ यांचा दवाखाना. ग्वेंडाबाई ठेंगण्या, आवाज धक्क्यावरच्या भोंग्यासारखा. निम्म्या गावाच्या नाकावर त्यांनी दिलेला चष्मा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी दानित्साला खडसावलं.

"अगं, तू आधी यंत्राकडे बघतेस आणि मग माणसाकडे. उलटं कर. माणूस दारातून आत कसा येतो, ते बघ. चाचपडतो का, मान वाकडी करतो का, खुर्ची कुठल्या बाजूनं धरतो. निम्मी तपासणी तिथंच होते."

"आम्हाला विद्यापीठात क्रम शिकवलाय..."

"क्रम परीक्षेसाठी. इथं डोळे उघडे ठेव. तुझे."

दानित्साला ग्वेंडाबाई आवडल्या. दवाखाना आवडला नाही, कारण त्यालाही तीच अंधारी खोली होती.

घरी अंते तिला दवाखान्याबद्दल काही विचारत नव्हता. आधी तिला वाटलं, थकलाय. मोसम चालू होता; खोल समुद्रातून धरून आणलेला ट्यूना उपसागरातल्या गोल जाळ्यांत सोडलेला, त्याला रोज तारली खाऊ घालायची, आणि अंतेची बोट सकाळी निघाली की दुपार टळल्यावर परत. पण रविवारी सगळे पत्त्यांचा ब्रिश्कुला खेळायला बसले, तेव्हा ती सहज म्हणाली, "बाबा, या की एकदा. सगळ्या गावाचे डोळे बघितले मी, तुमचे सोडून." त्यावर त्यानं पत्ते असे काही आपटले, की मामानं वाईनचा पेला उचलून धरला.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग पत्ते वाट."

आणि मग एका मंगळवारी तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला. बोटीवरच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय तपासणी होती, आणि यंदा कंपनीच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा अहवाल वेगळा मागितला होता. बाहेर नेमकी गडबड उडालेली. एका शेतकऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता आणि तो खुर्चीत बसून गुरासारखा ओरडत होता. ग्वेंडाबाई त्याच्यावर वाकलेल्या.

"ग्वेंडा, माझे वडील आलेत," दानित्सा म्हणाली. "मी त्यांना नाही तपासू शकत."

"यंत्रावरचं तेवढं करून घे. बाकी मी बघते," बाई मागं न बघता म्हणाल्या.

अंते दारात उभा होता. तो आत आला, आणि त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. त्यानं चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. रोज आपटत असावा तसा तो पुढं आला.

तक्ता त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. "बघ," तो म्हणाला. "गरुड आहे तुझा बाप." मग तिनं त्याला त्या पांढऱ्या पोकळ घुमटासमोर बसवलं. हनुवटी टेकायची, समोरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठंही बारीक उजेड चमकला, की हातातलं बटण दाबायचं. आजूबाजूचं किती दिसतं, ते त्यातून कळतं. यंत्र सुरू झालं. अंते बटण दाबू लागला. टक, टक, टक. उजेड चमको न चमको, वल्ह्याच्या ठेक्यात बटण चाललेलं. हा माणूस पत्त्यांत असाच लबाडी करायचा, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. यंत्रालाही ते कळलं. त्यानं निकाल ग्राह्य नाही म्हणून सांगितलं.

"बाबा, दिसेल तेव्हाच दाबा."

"दिसतंय म्हणूनच दाबतोय."

"परत करू या."

दुसऱ्या वेळी ती त्याच्या शेजारी उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. बटणाचा ठेका मोडला. मग लांब लांब शांतता पडू लागली. उजेड चमकून विझत होते आणि अंतेचा अंगठा जागचा हलत नव्हता. कागदावर डावीकडचा भाग आणि वरचा भाग काळा उमटत गेला. डाव्या डोळ्याचं जास्त, उजव्याचं थोडं कमी.

तिनं दार लोटून घेतलं. "किती दिवसांपासून?"

अंतेनं हनुवटी उचलली. आवाज खाली आणला. "हे बघ दानित्सा. समोरचं मला सगळं दिसतं. मोसम संपेपर्यंत चालू दे. तो पहिला कागद दे तुझ्या बाईला."

"पहिला कागद ग्राह्य नाही धरत, बाबा."

"मग तिसऱ्यांदा कर. बटण कधी दाबायचं ते तू सांग." तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत तिनं आधी कधी न बघितलेली अजिजी होती. "तू इथं आहेस म्हणून तर आलो मी. नाहीतर व्हायअलाच्या दवाखान्यात गेलो असतो."

पाच वर्षांत दानित्साला अवघड बातमी कशी सांगावी याचे धडे मिळाले होते. समोर बसा, डोळ्यांत बघा, साधे शब्द वापरा. त्यातलं काही तिला आठवेना. ती नुसती उभी राहिली आणि तिनं मान हलवली. नाही.

अंते उठला, टोपी घातली आणि निघून गेला. जाताना खांदा परत आपटला.

दुपारी ती दवाखान्यातून थेट घरी गेली नाही. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. मासे धरणारी पोरं तिच्याकडे बघू लागली तेव्हा घरी आली. यास्ना स्वयंपाकघरात ब्लित्व्याच्या पालेभाजीत घालायला बटाटे सोलत होती.

"आई, बाबांना डावीकडचं दिसत नाही."

यास्नाची सुरी थांबली नाही. "मी चालते ना डावीकडून."

"म्हणजे?"

"बाजारात, चर्चला. गेलं वर्षभर मी त्याच्या डाव्या बाजूनंच चालते. पेला उजवीकडे ठेवते. गाडीत मी सांगते, अमुक आलं, तमुक आलं. तो म्हणतो, बडबड करू नकोस. पण ऐकतो."

"आणि बोटीवर कोण सांगतं?"

आता सुरी थांबली. यास्ना ओल्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि हात तसाच खाली आणला. "ते मी विचारलं नाही," ती म्हणाली. "बोट घेतली तर त्या माणसाचं काय उरतं, सांग मला. तू शिकलेली आहेस ना? सांग."

दानित्साच्या डोळ्यांसमोर बोटीखाली जाळ्यांत उतरणारे पाणबुडे आले. कालपरवाच शाळेतून बाहेर पडलेली मुलं, ज्यांच्या आयांना ती नावानं ओळखत होती. वर बोट वळवणाऱ्या तांडेलाला डावीकडचं दिसत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

सकाळी ती ग्वेंडाबाईंच्या आधी दवाखान्यात जाऊन उभी राहिली. काल "अहवाल अपुरा, उद्या बघू" एवढंच सांगून ती सटकली होती. आज दोन्ही कागद पुढं ठेवले. बाईंनी ते बघितले, चष्मा कपाळावर सरकवला.

"काचबिंदू," त्या म्हणाल्या. "बराच पुढं गेलाय. गेली ती नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येईल. आता नीट ऐक. या घटकेपासून तो माझा रुग्ण. या खोलीत तू त्याची कोणी नाहीस."

"मीच सांगते त्यांना. माझंच काम आहे ते."

"नाही. तुझं काम घरी आहे, आणि ते याहून वाईट आहे." बाईंचा भोंग्यासारखा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "परवाना काढून घेणारी मी. शिव्या घालायच्या तर मला घालेल तो. तुला त्याच्याबरोबर जेवायला बसायचंय."

मग त्यांनी रुग्णाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता तू बस इथं. बापाला असलं की मुलांचं बघावंच लागतं."

दानित्साचे डोळे चांगले निघाले. दरवर्षी तपासत राहायचं, एवढंच. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची शरम वाटली.

ग्वेंडाबाईंनी स्वतः अंतेच्या घरी जाऊन त्याला दवाखान्यात आणलं. आतून अंतेचा आवाज रस्त्यापर्यंत आला. त्यानं क्रोएशियन भाषेत, इंग्रजीत, आणि कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांत बाईंचा उद्धार केला. बाईंनी त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. ॲडलेडहून महिन्यातून एकदा येणाऱ्या नेत्रतज्ज्ञांनीही तेच सांगितलं. थेंब सुरू झाले. बोटीचा परवाना गेला, महामार्गावर गाडी चालवणं गेलं. कंपनीनं त्याला किनाऱ्यावर जाळ्यांच्या शेडमध्ये घेतलं, फाटक्या जाळ्यांची दुरुस्ती बघायला. तिथं बसून दिसायचा तो समुद्र, ज्यावर आता दुसरं कोणी त्याची बोट नेत होतं.

तो दानित्साशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, आदळआपट नाही. मीठ हवं असलं, की यास्नाला म्हणे, "तिला मीठ द्यायला सांग." दानित्सा शेजारी बसलेली असे. ती मीठ सरकवी. घास अर्धा टाकून उठून खिडकीशी जाण्याची तिची सवय त्या आठवड्यांत बंद पडली. उठलं तर आपण पळालो असं होईल, म्हणून ती ताट संपेपर्यंत बसून राही आणि टेबलाखाली तिचा गुडघा हलत राही.

नेमणूक संपायच्या आधी ग्वेंडाबाईंनी तिला किनाऱ्यावर तळलेली मासळी आणि चिप्स खायला नेलं. सीगल पक्षी भोवती गोळा झाले.

"मेलबर्नचं काय ठरलं?" बाईंनी विचारलं.

"परवा मुलाखत. मला जायचंय की नाही तेच कळत नाही. आणि इथं तर..."

"इथं राहू नकोस. बापाला मनवायला म्हणून तर मुळीच नको. तो मानला नाही तर त्याचा राग करशील, आणि मानला तर कंटाळशील." बाईंनी एक चिप सीगलच्या दिशेनं उडवली. "मला बसायला आवडतं. त्याच रस्त्यावर, त्याच खुर्चीत, आधी आजीचा चष्मा, मग नातीचा. तुला नाही आवडत. सगळे तुला सांगत आले असतील की ही सवय मोड."

"आई अजून सांगते."

"मोडणार नाही. मग तुझ्या खोडीला जागा देणारं काम बघ ना. वुडिना, स्ट्रीकी बे, सेडूना, आणि त्याच्याही पुढं, या गावांत ऑप्टोमेट्रिस्ट नाही. फिरतीचा दवाखाना जातो तिथं. गाडीत यंत्रं घालायची, सभागृहात नाहीतर आरोग्यकेंद्रात मांडायची, तपासायचं, उचलायचं, पुढं. तो चालवणारा माणूस निवृत्त होतोय. त्या जागेला अर्ज येत नाहीत. सगळ्यांना रस्ता लांब वाटतो."

दानित्सानं चावणं थांबवलं. "हे त्या करिअरच्या संध्याकाळी कोणी सांगितलं नाही."

"सांगायला टेबल होतं आमचं. मागच्या भिंतीशी. कोणी आलंच नाही."

तरीही ती मेलबर्नला गेली. थुई बरोबर होती, नवं जाकीट घालून. मुलाखत घेणाऱ्या बाई मनमिळाऊ होत्या, दुकान लखलखीत होतं, यंत्रं पोर्ट लिंकनला स्वप्नातही दिसणार नाहीत इतकी नवी. त्यांनी तिला तिची खोली दाखवली. दानित्सा आत उभी राहिली. खोली चांगलीच होती. त्यात वाईट काही शोधूनही सापडेना, आणि तरी तिचा हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "माफ करा. चूक तुमची नाही."

थुई फुटपाथवर तिच्यावर तुटून पडली. "घर बघितलंय मी! दोघींच्या नावानं! आधी सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"आधी माहीत नव्हतं."

"तुला कधीच माहीत नसतं! आणि आम्ही काय, तुझं कळेपर्यंत स्टॉपवर उभं राहायचं?"

थुईचं चुकत नव्हतं. दानित्सानं माफी मागितली, थुईनं ती घेतली नाही, आणि परतीच्या विमानात दोघी वेगवेगळ्या रांगांत बसल्या. पदवीदानाच्या दिवशी थुईनं लांबूनच हात केला. पुढं ती मेलबर्नला गेली, एकटीनं घर घेतलं आणि छान रुळली, असं दुसऱ्यांकडून कळलं.

फिरतीच्या दवाखान्याची मुलाखत फोनवरच झाली. "लांब गाडी चालवायची सवय आहे?" त्यांनी विचारलं. बाकीचं काही फारसं विचारलं नाही.

पहिले काही महिने दानित्साला वाटलं, आपण चुकलो. काउएलला यंत्राची पेटी उचलताना पाठ धरली. सेडूनाच्या पुढच्या एका वस्तीत ती दोन दिवस रिकामी बसली. आधी येऊन गेलेले डोळे तपासणारे चष्म्याचं माप घेऊन जात आणि चष्मा कधी येतच नसे, म्हणून तिच्यापाशी कोणी फिरकेना. तिथली आरोग्यसेविका, रॉबिन नावाची, तिला म्हणाली, "तू परत आलीस तर येतील. आत्ता नाही." दानित्सा परत गेली. मग पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला एक म्हातारी आली, स्वतःसाठी नाही तर नातवासाठी, आणि नातवाचं झाल्यावर स्वतःही खुर्चीत बसली. मधुमेहानं तिच्या डोळ्यात रक्ताचे ठिपके पडले होते. ते वेळेत कळले, उपचार झाले. त्या दिवशी गाडी चालवताना दानित्सा मोठमोठ्यानं गात होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा ती हुरहुर होतीच. आपण हे काम धरलंय, की बापाच्या गप्प बसण्यापासून पळतोय? गव्हाच्या कापणी झालेल्या शेतांमधून सरळ जाणाऱ्या त्या रस्त्यावर विचार करायला वेळच वेळ होता, आणि उत्तर कधी एक येई, कधी दुसरं.

दारातून आत येणारी माणसं मात्र ती आता आधी बघायची. खांदा चौकटीला लागलेला माणूस तिच्या नजरेतून सुटत नव्हता. अशांना सांगायची वेळ आली, की ती स्टूल पुढं ओढायची, समोर बसायची, आणि आधी विचारायची, "घरी कोणाला माहीत आहे?" बहुतेकदा कोणाला तरी माहीत असायचंच. मग ती त्या माणसालाही आत बोलवायची. हे तिला कुठल्या प्राध्यापकांनी शिकवलेलं नव्हतं.

पोर्ट लिंकनला ती महिन्यातून एकदा जायची. अंते जाळ्यांच्या शेडमधून येई, हात धुई, जेवायला बसे. शेडमधल्या नव्या पोरांना तो इतका छळतो, की दोघं काम सोडून गेली, असं यास्ना सांगायची. राहिली त्यांनी मारलेली जाळ्याची गाठ मात्र गावात सगळ्यांत पक्की होती. "तिला" जाऊन "हिला" झालं होतं. "हिला भाजी वाढ." बस, एवढंच. दानित्सानं जास्त मागितलं नाही. ग्वेंडाबाई म्हणाल्या होत्या ते घरचं काम तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ते खरोखरच वाईट होतं.

वसंत संपत आला होता तेव्हाची गोष्ट. वुडिनाच्या सभागृहासमोर ती सकाळी गाडीत पेट्या भरत होती आणि फोन वाजला. घरचा नंबर. तिला वाटलं, आई.

"ती हिरवट झाकणाची बाटली," अंते कसल्याही नमस्काराशिवाय म्हणाला. "ती सकाळी घालायची की रात्री?"

दानित्सा पेटी हातात घेऊनच उभी राहिली. यास्ना ते थेंब वर्षभर रोज त्याच्या डोळ्यांत घालत होती. तिला ते झोपेतही सांगता आलं असतं, आणि फोनच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती तिथंच उभी होती.

"रात्री, बाबा. झोपायच्या आधी."

"हं."

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही नाही. रस्त्यावरून धान्याचा लांबलचक ट्रक गेला.

"कुठं आहेस?"

"वुडिनाला."

"पुढं कुठं?"

"स्ट्रीकी बे. मग सेडूना."

"वारा कुठला आहे तिकडं?"

तिनं मान वर करून बघितलं. सभागृहावरचा झेंडा ताठ उभा होता. "उत्तरेचा. तापलेला."

"मग दुपारी आणखी वाढेल," अंते म्हणाला. "पाणी जास्त घेऊन ठेव गाडीत. आणि टायर बघ."

"बघते."

"बघते काय, आत्ता बघ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं पेटी गाडीत ठेवली, चारी टायर हातानं दाबून बघितले, नळावर डबे भरून घेतले. फिरतीच्या नोकरीचा करार पुढच्या वर्षी वाढणार की नाही, याचं पत्र अजून आलेलं नव्हतं. वाढला तर हो म्हणायचं की नाही, तेही तिनं ठरवलं नव्हतं. स्ट्रीकी बेला माणसं वाट बघत होती. तिनं गाडी सुरू केली.